गाडी दौंडला उलटते

दौंड हे गाव जितक्या लोकांनी पाहिले आहे, तितके महाराष्ट्रातले दुसरे गाव क्वचितच कोणी पाहिले असेल. फक्त ते बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले आहे. मद्रासला जाणारा, जम्मूला जाणारा, बेंगळुराहून दिल्लीला जाणारा, प्रत्येकाने कधी ना कधी रात्री-अपरात्री झडप वर करून "कुठलं स्टेशन आलं हो?" असे विचारलेले असते, आणि पलीकडून "दौंड" असे उत्तर आल्यावर "अजून दौंडच का?" असे म्हणून ती पुन्हा खाली ओढलेली असते. दौंडबद्दल सर्वसामान्य मराठी माणसाची माहिती एवढ्यावर संपते.

माझे तसे नाही. मी दौंडला उतरणाऱ्यांपैकी आहे. कारण दौंडला आमचे मामा राहत.

मे महिन्यात वर्गातली सगळी मुले मामाच्या गावाला जात. त्यांच्या मामांच्या गावाला आंब्याच्या बागा असत, विहिरी असत, निदान एखादी म्हैस तरी असे. आमच्या मामांच्या गावाला यार्ड होते. मामा रेल्वेत गार्ड. त्यांचे क्वार्टर रुळांपासून इतके जवळ, की मालगाडी गेली की फळीवरच्या कपबशा आपोआप एकमेकींशी बोलू लागत. मामीने सगळी काचेची भांडी फळीच्या आतल्या अंगाला ठेवलेली होती आणि बाहेरच्या अंगाला पितळेचे डबे. "गडगडले तर डबे गडगडोत," असा तिचा हिशेब.

त्या घरात घड्याळ होते, पण ते बघत कोणी नसे. वेळ गाड्यांवरून कळे. "बारामती गेली, आता कणीक मळायला घे," किंवा "मनमाड पॅसेंजर आली तरी अजून तुझी अंघोळ नाही?" अशी वाक्ये मी तिथे लहानपणी ऐकली. एखाद्या दिवशी मेल लेट झाली की घरातली जेवणे लेट होत. मद्रास मेलच्या इंजिनात बिघाड झाला म्हणून आमची अंघोळ राहिली, हे कारण पुण्यात सांगितले असते तर कोणाला पटले नसते. दौंडात ते सर्वमान्य होते.

आता गावाच्या नावाविषयी. हे गाव भीमेच्या काठचे, नाव दौंड. पण साहेबाच्या जिभेला ते जमले नाही. त्याने इंग्रजीत स्पेलिंग केले ते असे, की वाचणाऱ्याने 'धोंड' म्हणावे. मराठीत धोंड हा शब्द आपण सहसा गळ्यात अडकलेल्या गोष्टीसाठी वापरतो. जोडगाडीची वाट पाहत दौंडच्या फलाटावर ट्रंकेवर बसून चार-चार तास काढलेल्या माणसांना मात्र साहेबाचे स्पेलिंग अगदी अचूक वाटत असावे. स्वातंत्र्यानंतर ते सुधारले. वाट पाहणे सुधारायला जास्त वर्षे लागली.

दौंडचा इतिहास सांगायचा म्हटले की लोक हसतात. रेल्वेच्या गावाला कसला आला इतिहास? पण भीमेच्या दोन्ही थड्यांना इतिहास आहे, आणि तो साहेबाच्या पुष्कळ आधीचा आहे. या सगळ्या मुलखाला भीमथडी म्हणत. भीमथडीची तट्टे प्रसिद्ध. दिसायला लहानखुरी, पण काटक. मराठ्यांच्या फौजा उत्तरेत धडकल्या त्या या असल्या तट्टांच्या पाठीवरून. दौंडच्या खाली भीमेच्या पलीकडल्या काठावर पेडगाव आहे. वेड पांघरून जायचे ते पेडगाव हेच, असे इकडची माणसे छातीठोकपणे सांगतात. मामांचा एक मित्र तर म्हणायचा, "पेडगावला जायला वेड कशाला पांघरायला पाहिजे? श्रीगोंद्याच्या एस.टी.ची वाट बघत थांबा, आपोआप लागतं." पण त्याच पेडगावच्या किल्ल्यात, बहादूरगडात, १६८९ साली संभाजीराजांना पकडून औरंगजेबापुढे उभे केले होते. मामा आम्हाला एकदा तिकडे घेऊन गेले होते. किल्ल्यात शिरल्यावर एरवी अखंड बोलणारे मामा गप्प झाले आणि परत नदीपाशी येईपर्यंत बोलले नाहीत. त्या वयात मला इतिहासाचा तास इतका कधीच समजला नव्हता.

रेल्वे आली ती १८५८ साली. इथे दौंडकरांनी पुणेकरांपुढे छाती काढावी अशी एक गोष्ट आहे. पुण्याहून पुढे भीमेच्या काठावरच्या डिकसळपर्यंत गाडी डिसेंबर १८५८ मध्ये धावू लागली. म्हणजे दौंडवरून गाडी जाऊ लागली. पण त्या वेळी बोरघाट पुरा झालेला नव्हता! तो पुरा झाला १८६३ साली. मधल्या काळात मुंबईचा उतारू खोपोलीला उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून नाहीतर सरळ पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. घाटाच्या वरचा हा लोहमार्ग मुंबईच्या आधाराशिवाय जवळजवळ पाच वर्षे स्वतंत्र संस्थानासारखा चालला. मामा हे असे सांगत, की जणू त्या पाच वर्षांत सगळ्या गाड्यांना हिरवी झेंडी त्यांनीच दाखवली होती.

पण नुसती गाडी गेल्याने गाव मोठे होत नाही. गाडी यवतवरूनही गेली, पाटसवरूनही गेली. दौंडचे नशीब उघडले ते १८७८ साली, मनमाडचा फाटा निघाला तेव्हा. दौंड ते मनमाड, सुमारे १४५ मैल. मुंबईहून निघालेले दोन लोहमार्ग, एक ईशान्येला जाणारा आणि एक आग्नेयेला जाणारा, कल्याणला एकमेकांचा निरोप घेत, ते पुन्हा भेटतच नसत. त्यांना मधून बांधणारी ही दोरी. उत्तरेचा माल दक्षिणेला जायचा तर त्याला मुंबईच्या बाजूला वळसा घालायचे कारण उरले नाही. 

ही दोरी कोणी वळली तेही सांगायला हवे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळात पोटासाठी घर सोडून निघालेल्या माणसांना कामे दिली, त्यांत या लोहमार्गाच्या भरावाचे काम होते. बायका, पोरे, म्हातारी माणसे टोपलीने माती टाकत होती. त्याच्याही आधी, मे १८७५ मध्ये, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जाचे कागद जाळले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपले, भाव पडला, सारा मात्र वाढला, आणि भीमथडीचा कुणबी कर्जात बुडाला. अमेरिकेतले युद्ध आणि सुप्याचा सावकार यांचा संबंध आमच्या शाळेत कोणी जोडून दाखवला नव्हता. असो. मनमाडच्या गाडीत बसून आपण मजेत भजी खातो, तेव्हा खाली जी माती असते ती ही आहे.

तर दौंड जंक्शन झाले. पुढे बारामतीला नॅरोगेजची एक चिमुकली गाडीही निघाली. मामा ब्रॉडगेजवाले, ते तिला गाडी म्हणतच नसत. "ती भातुकली," म्हणत. नंतर तीही ब्रॉडगेज झाली आणि मामांना एक तुच्छ लेखण्याची गोष्ट कमी झाली.

मनमाडच्या फाट्यात एक गंमत होऊन बसली होती. तो दौंडच्या पुण्याकडच्या टोकातून फुटतो. त्यामुळे सोलापूरकडून येणारी गाडी मनमाडला सरळ जाई, पण पुण्याहून येणारी गाडी दौंडात शिरली की तिचे तोंड सोलापूरकडे! मग इंजिन सोडायचे, ते फिरवून गाडीच्या शेपटाला लावायचे, आणि शेपटाला तोंड करून गाडी आल्या वाटेने बाहेर काढायची. झेलम एक्सप्रेससारख्या गाड्यांनी वर्षानुवर्षे हे केले. पुण्याहून तोंड पुढे करून बसलेला माणूस दौंडपासून पाठ पुढे करून बसे. खिडकीची जागा भांडून मिळवलेल्या माणसाच्या तोंडावर ऊन येऊ लागे, आणि समोरचा, तासभर उन्हात भाजलेला, सावलीत बसून त्याच्याकडे समाधानाने पाहत असे. इतका बिनचूक न्याय कोर्टातसुद्धा मिळत नाही.

या प्रकाराला आमच्याकडे 'गाडी उलटणे' म्हणत. त्यावरून एकदा मोठाच घोळ झाला. आमचे एक काका प्रथमच उत्तरेच्या यात्रेला निघाले होते. त्यांनी मनमाडहून आजीला कार्ड टाकले: "प्रवास सुखाचा. गाडी दौंडला उलटली. आम्ही सर्व आनंदात आहोत." कार्ड वाचणारा शेजारचा मुलगा दुसऱ्या वाक्यावर थांबला. आजीने हंबरडा फोडला. तिसरे वाक्य ऐकायला कोणी तयार होईना. शेवटी वडिलांनी ओरडून ते वाचले, तेव्हा आजी म्हणाली, "गाडी उलटली तरी आनंदात आहे! पहिल्यापासून असाच आहे तो."

दौंडची रेल्वे कॉलनी हे एक वेगळेच जग होते. तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबे होती, चर्च होते, इन्स्टिट्यूट होती. नाताळात इन्स्टिट्यूटमधून बँडचा आवाज येई आणि गावातून भैरवनाथाच्या देवळातली घंटा ऐकू येई. मामांच्या शेजारचे ड्रायव्हरसाहेब असेच अँग्लो-इंडियन. त्यांचे मराठी थेट भीमथडीचे होते. "काय पावनं, कवा आलासा?" असे ते फेल्ट हॅट काढून विचारत. नाताळात त्यांच्याकडून केक येई आणि दिवाळीत आमच्याकडून चकल्या जात. केकमध्ये अंडे असते म्हणून मामी तो खात नसे. पण रिकामे ताट परत पाठवायचे नाही म्हणून त्यात साखर घालून पाठवी. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेले. निघताना ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोने मामीच्या हाताच्या चकल्यांची भाजणी मागून नेली. ऑस्ट्रेलियात कोणत्या तरी घरात ज्वारी-तांदळाची चकली तळली जात असेल तर तिचे मूळ दौंडात आहे, हे तिथल्या लोकांना माहीत नसणार.

रात्री कॉलमन येई. कंदील आणि वही घेऊन. "गार्डसाहेब, कॉल हाय!" मामा झोपेतच सही करीत आणि मग जागे होत. मामी उठून डबा भरी. बाहेर वाफेच्या इंजिनाचा धापा टाकल्यासारखा आवाज येत असे. मामा एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन काळोखात निघून जात. मग मामी दाराशी बसून राही, मामांच्या गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत. ती ऐकली की "सुटली," असे म्हणून दार लावी. हे तिने किती हजार वेळा केले असेल, कोण जाणे. आम्हाला त्या वेळी त्यात काही विशेष वाटत नसे.

या गावात पाहण्यासारखे काय आहे, असे लोक विचारतात. गावात थोडे आणि गावाभोवती पुष्कळ, असे त्याचे खरे उत्तर आहे. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. पलीकडे नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. त्या बाजूला सिद्धटेक, अष्टविनायकांतला उजव्या सोंडेचा गणपती. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले. पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांचे पद गेले तेव्हा त्यांनी इथे येऊन एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळाले, अशी कथा आहे. प्रदक्षिणा टेकडीला घालावी लागते आणि ती चांगली दोन-तीन मैलांची आहे. आजच्या सस्पेंड झालेल्या अधिकाऱ्यांना हा उपाय झेपेलसे वाटत नाही. पूर्वी तिकडे नावेने जावे लागे. आता पूल आहे.

पुण्याच्या बाजूला केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून रमाबाईंनी निराधार मुली गोळा केल्या आणि या माळावर आणल्या. त्यांना वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकवले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले ते इथे बसून. १९२२ साली त्या इथेच वारल्या. पुण्याने ज्या बाईशी शेवटपर्यंत वाद घातला, तिला जागा दिली ती दौंडच्या तालुक्याने.

बाकी सोयी म्हणाल तर गावात नगरपालिका आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात नंबरचे दोन गट आहेत. शेजारी कुरकुंभला औद्योगिक वसाहत आहे, पाटसला साखर कारखाना आहे, आणि खडकवासल्याच्या कालव्याने उसाला पाणी येते. पुण्याचे पाणी आणि दौंडचा ऊस हा विषय पुण्यात काढू नये, भांडण होते. खालच्या अंगाला १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याने डिकसळकडची जुनी रेल्वेची वाट गिळली आणि रूळ उचलून दुसरीकडे न्यावे लागले. त्या पाण्यात आता भिगवणला रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला पुण्याची माणसे गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. दौंडला तीही उतरत नाहीत.

मामा रिटायर झाले तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना हौसेने पुण्याला नेले. शांत सोसायटी, गच्चीत कुंड्या. तिसऱ्या दिवशी मामांचे डोळे लाल. "झोप येत नाही रे," म्हणाले. डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. शेवटी मामीने निदान केले, "इथं रात्री काही जात नाही ना, म्हणून यांना झोप येत नाही." दीड महिन्यात दोघे परत दौंडला आली आणि फंडाच्या पैशातून रुळांपलीकडे दोन खोल्या बांधल्या. पहिल्या रात्री मालगाडी गेली, कपबशा बोलल्या आणि मामा घोरू लागले.

मी एकदा त्यांना चिडवले होते, "मामा, अहो इथं कोणी उतरत नाही. सगळे इथं गाडी बदलतात नाहीतर इंजिन." ते म्हणाले, "अरे, गावं दोन तऱ्हेची असतात. एक उतरायची, एक बदलायची. उतरायच्या गावाला सगळे जातात. पण बदलायच्या गावात कोणीतरी जागं राहायला लागतं, म्हणून तुम्ही उतरता." मग जरा थांबून म्हणाले, "नाहीतर मनमाडला जायचे ते सोलापूरला पोचाल."

आता मामा-मामी नाहीत. दौंड बदलले आहे. २०११ च्या शिरगणतीला शहराची वस्ती पन्नास हजारांच्या घरात होती. २०१७ साली पुण्यापासूनचा मार्ग विजेवर गेला, आणि दौंड आता पुण्याचे उपनगर व्हायच्या खटपटीत आहे. पहाटे पास काढलेली माणसे पुण्याला नोकरीवर जातात आणि रात्री परत येतात. गाडीत भजनी मंडळ आहे, पत्त्यांचा अड्डा आहे, मटार सोलणाऱ्या बायका आहेत. पुणे पाऊणशे किलोमीटरवर, सोलापूर पावणेदोनशेच्या वर. तरी रेल्वेच्या हिशेबी दौंड इतकी वर्षे सोलापूर विभागात होते. २०२४ साली ते पुणे विभागात आले. सासर जवळ असून बाईने माहेरचे नाव लावत राहावे, तसे ते चालले होते.

आणि गाडी आता दौंडला उलटत नाही. गावाबाहेरून एक कॉर्ड लाइन टाकली आहे. पुण्याकडची गाडी त्या वळणावरून परस्पर मनमाडच्या मार्गाला लागते. वेळ वाचतो. चांगलीच गोष्ट आहे, अर्धे आयुष्य आम्हीच तर "इंजिन बदलायला एवढा वेळ लागतो का?" म्हणून ओरडत होतो.

मध्यंतरी मुलीकडे भोपाळला निघालो होतो. सवयीने मी पाठ पुढे करून बसलो होतो, म्हणजे दौंडनंतर तोंड पुढे होईल. समोरच्या तरुणाने विचारले, "काका, उलटे का बसलात? गरगरेल." मी म्हटले, "दौंड येऊ दे, मग बघ." डोळा लागला. जागा झालो तेव्हा गाडी भीमेच्या पुलावर खडखडत होती आणि मी अजून उलटाच होतो.

"दौंड गेलं का?" मी विचारले.

"मघाशी बाहेर कॉर्ड लाइनला थांबली होती, काका," तो म्हणाला. "तुम्हाला उतरायचं होतं का?"

"नाही," मी म्हटले. "तिथं उतरत नाही कोणी."

पाठ पुढे करून बसल्यामुळे एक बरे झाले. मागे पडणारे गाव मला सबंध दिसत होते. यार्डातले दिवे, पाण्याची टाकी आणि रुळांपलीकडची घरांची रांग. दिवे दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिलो. मग त्या मुलाशी जागेची अदलाबदल केली.